अंगठा आणि ओटीपी

१२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे गावी बाजारासाठी जमलेल्या शेतकऱ्यांनी सावकारांच्या दुकानांवर चाल केली. धान्य लुटले गेले, पण जमावाचा खरा रोख होता तो खतपत्रांवर आणि हिशेबाच्या वह्यांवर. त्या वह्या बाहेर आणून जाळण्यात आल्या. पुढे हे लोण जिल्ह्याच्या इतर तालुक्यांत आणि शेजारच्या अहमदनगर जिल्ह्यात पसरले. बहुतेक ठिकाणी कागद हाती आले की जमावाचे समाधान होई; माणसांना इजा करण्याकडे त्याचा कल नव्हता. इतिहासात या उठावाला ‘दख्खनचे दंगे’ असे नाव पडले. महसुलाचा वाढता बोजा आणि कापसाचे कोसळलेले भाव ही त्याची कारणे होतीच. परंतु ज्या वस्तूवर लोकांचा संताप येऊन आदळला ती वस्तू होती कागद. तो दुसऱ्याने लिहिलेला होता, शेतकऱ्याला तो वाचता येत नव्हता आणि त्याखाली अंगठा मात्र त्याचा होता.

या घटनेला आता दीडशे वर्षे उलटून गेली. याच जिल्ह्याच्या मुख्य शहरात, रविवार पेठेतल्या एखाद्या दुकानदाराचा किंवा भोसरीतल्या एखाद्या वर्कशॉपवाल्याचा महिन्याच्या विसाव्या तारखेच्या आसपासचा दिवस डोळ्यांसमोर आणावा. गल्ल्यावर गर्दी आहे. तेवढ्यात फोन वाजतो आणि पलीकडून आवाज येतो, ‘‘साहेब, आत्ता एक ओटीपी आला असेल, तेवढा सांगा.’’ मालक मोबाईलवरचे सहा आकडे वाचून दाखवतात आणि पुन्हा गिऱ्हाइकाकडे वळतात. त्या सहा आकड्यांनी त्यांच्या नावाचे विवरणपत्र सरकारदरबारी दाखल झालेले असते. त्यात उलाढाल किती दाखवली, कर किती निघाला, कोणती वजावट घेतली व कोणती राहून गेली, यातले त्यांना काहीही ठाऊक नसते. मालक पदवीधर आहेत, वर्तमानपत्र वाचतात, मुलाला इंजिनिअर करण्याची उमेद बाळगतात. तरीही त्यांनी नुकताच जो ओटीपी दिला, तो सुप्याच्या शेतकऱ्याच्या अंगठ्याचाच सुशिक्षित अवतार नाही काय?

येथे एक खुलासा आरंभीच करणे अगत्याचे आहे. आजचा हिशेबनीस हा तेव्हाचा सावकार नव्हे, आणि त्याला त्या रांगेत बसवण्याचा आमचा हेतूही नाही. बहुसंख्य हिशेबनीस आणि सनदी लेखापाल आपल्या अशिलाचे हितच पाहत असतात. प्रश्न त्यांच्या नियतीचा नाही. प्रश्न आहे तो स्वतःच्या व्यवहाराकडे पाठ फिरवून बसलेल्या धंदेवाल्याचा, आणि त्या पाठ फिरवण्याची त्याला मोजावी लागणारी किंमत त्याच्या लक्षातही येत नाही याचा.

नोकरदार वाचकाला वाटेल, की हा दुकानदारांचा मामला; आमचा कर पगारातूनच कापला जातो, आम्हाला त्याचे काय? परंतु आज कोणत्या शिक्षकाच्या वा कारकुनाच्या घरात धंदा शिरलेला नाही? मुलाने मोबाईल दुरुस्तीचे दुकान टाकलेले असते, सूनबाई घरातून डबे पुरवत असतात, निवृत्त झालेल्या वडिलांची भविष्यनिर्वाह निधीची रक्कम धाकट्याच्या लेथ मशीनमध्ये गुंतलेली असते. वाणिज्य शाखेचा विद्यार्थी तर उद्या टेबलाच्या पलीकडल्या खुर्चीवरच बसणार असतो. तेव्हा हा विषय परका मानण्याचे कारण नाही.

हिशेबाचे शहर

वस्तुतः पुण्याला हिशेबाचे वावडे असावे ही आश्चर्याची गोष्ट आहे. ज्या शहरातून एकेकाळी मराठी राज्याचा कारभार चालला, तेथे ‘फडणीस’ हे पद होते हिशेबाचे. ‘फर्दनवीस’ या फारसी शब्दापासून बनलेले ते पद धारण करणारा नाना हा राज्याचा प्रमुख कारभारी झाला आणि त्याच्या नावाला ते पद कायमचे चिकटले. पेशवे दप्तरातील मोडी कागदांचे रुमाल आजही पुण्याच्या पुराभिलेखागारात आहेत. त्यांतून निवडलेल्या कागदांचे ४५ खंड गो. स. सरदेसाई यांनी १९३० ते १९३४ या काळात संपादित केले. रोजकीर्द, खतावणी, तेरीज, ताळेबंद हे शब्द या मातीत रुजलेले आहेत. लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी लाल कापडी बांधणीच्या वहीवर हळदकुंकू वाहणारे हात आजही पेठांतून दिसतात. पण पूजा झालेली ती वही पुष्कळदा पुढल्या दिवाळीपर्यंत कोरीच राहते. खरा हिशेब दुसऱ्याच्या संगणकात असतो आणि तो पाहण्याची इच्छा मालकाला वर्षातून एकदा, मार्चअखेरीस होते.

मार्चअखेरचा हा देखावा हिशेबनिसांच्या कचेऱ्यांतून ज्यांनी पाहिला असेल, त्यांना त्याचे वर्णन करून सांगण्याची गरज नाही. प्लास्टिकच्या पिशव्या भरभरून बिले येतात. त्यांत पेट्रोलच्या पावत्या असतात, मुलीच्या शाळेच्या फीची पावती असते, छपाई उडून कोरी झालेली वजनकाट्याची चिठ्ठीही असते. बँकेच्या खात्यात घरखर्च आणि धंदा यांची अशी काही सरमिसळ झालेली असते, की अमुक दिवशी काढलेले चाळीस हजार कच्च्या मालाला गेले की भावाच्या लग्नाला, हे मालकालाही आठवत नाही. पिशवी टेबलावर ठेवून मालक एकच वाक्य बोलतात : ‘‘बघा साहेब, कर कमीत कमी बसेल असे काहीतरी करा.’’

या एका वाक्यात सगळा रोग सामावलेला आहे. आपण पैसे कशासाठी देतो याची मालकाची कल्पना एवढीच आहे, की हा माणूस आपल्याला सरकारपासून वाचवील. कर मोजणे हे हिशेबाच्या अनेक उपयोगांपैकी केवळ शेवटचे आहे, हे त्याला कोणी सांगितलेलेच नसते. वैद्याकडे जाऊन नाडी न दाखवता केवळ रजेसाठी दाखला मागावा, तसा हा प्रकार आहे.

न विचारलेला प्रश्न

हिशेबाचा पहिला उपयोग कोणता, हे एका साध्या उदाहरणाने सांगता येईल. आकडे केवळ समजुतीसाठी घेतले आहेत. सदाशिव पेठेतील एक बाई दिवाळीचा फराळ करून विकतात असे समजू. चकलीचा भाव किलोला ४८० रुपये आणि साहित्य पडते २७० रुपयांना. किलोमागे २१० रुपये सुटतात, या हिशेबाने ५०० किलोंवर लाखाच्या वर नफा झाला असे त्या धरून चालतात. आता हिशेबनिसाने शेजारी बसून बेरीज केली तर काय दिसेल? गॅस ४० रुपये, वेष्टन २०, मदतनीस बायकांची मजुरी ७०, पोचवणे आणि तुटफूट ३०. साहित्य धरून खर्च ४३० रुपयांवर गेला आणि उरले अवघे ५०. हीच चकली दुकानामार्फत विकली, तर दुकानदार शेकडा १५ म्हणजे ७२ रुपये ठेवून घेतो. दुकानातून गेलेल्या प्रत्येक किलोमागे बाईंच्या पदरचे २२ रुपये जातात. ५०० पैकी ३०० किलो दुकानांतून गेले असतील, तर तेथे ६,६०० रुपये तोटा. थेट विकलेल्या २०० किलोंवर १०,००० रुपये नफा. महिनाभर पहाटे चारला उठून हाती राहिले ३,४०० रुपये, आणि त्यात त्यांची स्वतःची मजुरी धरलेलीच नाही. दुकानांकडून मागणी वाढली म्हणून पुढल्या वर्षी त्या दुप्पट माल करतील, तर दुप्पट बुडतील.

हे सांगायला मोठी विद्वत्ता लागत नाही. कोणत्याही हिशेबनिसाला ते तासाभरात सांगता येईल. पण त्याला तसे विचारलेच जात नाही, आणि न विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर देण्याची त्याला फीही मिळत नाही.

भोसरीच्या वर्कशॉपचे उदाहरण याहून गंभीर आहे. मोठ्या कारखान्यांना सुटे भाग पुरवणाऱ्या लहान उद्योजकाचे पैसे चार-चार, सहा-सहा महिने अडकून पडतात. उधारीचे पोते सव्वा हात रिते, हा अनुभव त्याच्याइतका कोणाला आला नसेल. परंतु २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायद्याने त्याच्या हाती एक हत्यार दिले आहे. लेखी करार असला तरी ग्राहकाने सूक्ष्म वा लघु उद्योगाचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत चुकते केले पाहिजेत, आणि करार नसेल तर १५ दिवसांत. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँकदराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज द्यावे लागते. पुढे २०२३ च्या वित्त कायद्याने प्राप्तिकरातही तरतूद केली, की मुदतीत न दिलेली अशी रक्कम प्रत्यक्ष देईपर्यंत ग्राहकाला खर्च म्हणून दाखवता येणार नाही. मात्र या संरक्षणासाठी ‘उद्यम’ नोंदणी वेळेवर केलेली हवी, बिलावर तिचा क्रमांक हवा, आणि कोणाकडे किती दिवसांपासून किती येणे आहे याची यादी हाताशी हवी. यादी हिशेबनिसाकडे असते आणि येणे मालकाचे असते. दोघांची गाठ वर्षातून एकदाच पडत असेल, तर त्या कायद्याचा उपयोग काय?

दुसऱ्याने लिहिलेली वही

मालकाने आपला हिशेब स्वतः पाहिला नाही म्हणून तो कोणी लिहीत नाही, असे मात्र नाही. १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर आला, ज्याला सगळे जण जीएसटी म्हणूनच ओळखतात, आणि तेव्हापासून प्रत्येक व्यवहाराची नोंद दोन टोकांना होऊ लागली. ज्याच्याकडून आपण माल घेतला, त्याने आपले बिल आपल्या विवरणपत्रात दाखवले नाही, तर आपण त्याला दिलेल्या कराची वजावट आपल्याला मिळत नाही. चूक पुरवठादाराची आणि भुर्दंड आपल्याला. चोर सोडून संन्याशाला फाशी देण्याचाच हा प्रकार असला, तरी नियम आहे तो असा. तो बदलावा म्हणून व्यापारी संघटनांनी जरूर भांडावे. तोवर आपण घेतलेल्या मालाची बिले पलीकडून वर चढली आहेत की नाहीत, हे दरमहा पाहणे एवढाच उपाय उरतो. वर्षाअखेरीस पिशवी घेऊन जाणाऱ्याला ही चूक कळते तेव्हा पुरवठादार फोन उचलेनासा झालेला असतो. सलग सहा महिने विवरणपत्रे भरली गेली नाहीत तर नोंदणीच रद्द होऊ शकते. आपली नोंदणी रद्द झाल्याचे मोठ्या ग्राहकाने बिल परत पाठवल्यावर ज्यांना समजते, असे उद्योजक थोडेथोडके नाहीत.

२०२५ च्या जुलै महिन्यात शेजारच्या कर्नाटकात जे घडले ते या दृष्टीने बोलके आहे. मोबाईलवरून स्वीकारलेल्या पैशांच्या नोंदींवरून तेथील विक्रीकर खात्याने हजारो लहान विक्रेत्यांना नोटिसा धाडल्या. हावेरीतील एका भाजीविक्रेत्याकडे चार वर्षांत १ कोटी ६३ लाख रुपये जमा झाले म्हणून त्याच्याकडे सुमारे २९ लाखांच्या कराची मागणी करण्यात आली. ताज्या भाजीवर जीएसटी नाही, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. पण यंत्राने जमा तेवढी पाहिली. ती कशाची होती, आणि तीतून मालाची खरेदी वजा जाता हाती काय राहिले, हे सांगणारी वही त्या माणसाजवळ असायला हवी होती. बेंगळुरूत तेव्हा दुकानांवर ‘फक्त रोख’ अशा पाट्या लागल्या आणि पुढे सरकारलाही नमते घ्यावे लागले. तथापि त्या पाट्यांनी प्रश्न सुटत नाही. बँक, मोबाईल, पुरवठादार आणि ग्राहक हे चौघे आपल्याविषयी रोज काहीतरी लिहीत आहेत. त्या चार वह्यांपुढे ठेवायला स्वतःची पाचवी वही नसेल, तर त्यांनी लिहिलेलेच खरे ठरेल. सुप्याच्या शेतकऱ्याची नेमकी हीच अडचण होती. त्याला निदान ती वही जाळता तरी आली. आज जाळायचे म्हटले तरी जाळणार काय?

कमी दाखवल्याची किंमत

आता त्या ‘काहीतरी करा’कडे वळू. नफा कमी दाखवला की कर वाचतो, ही समजूत इतकी घट्ट आहे की तिच्याविरुद्ध बोलणाऱ्याला बावळट समजतात. हे करणे बेकायदेशीर आहे आणि अनीतीचे आहे, हे तर झालेच. ज्या शाळांतून, रस्त्यांतून, दवाखान्यांतून या धंदेवाल्याची मुले वाढली, ती कोणाच्या तरी करातूनच उभी राहिली आहेत. पण ज्यांना नीतीची भाषा पटत नाही, त्यांच्यासाठी व्यवहाराची भाषा बोलू.

एका माणसाची खरी मिळकत वर्षाला दहा लाख आहे आणि तो चार लाख दाखवतो. काही हजारांचा कर वाचला या आनंदात तो काही वर्षे काढतो. मग नव्या यंत्रासाठी तो बँकेत जातो. बँक तीन वर्षांची विवरणपत्रे आणि ताळेबंद मागते आणि चार लाखांच्या ऐपतीएवढेच कर्ज देते. उरलेली रक्कम तो खाजगीत उचलतो, आणि वाचवलेल्या कराच्या कितीतरी पट व्याज भरत बसतो. मुदत लोनच्या नावाने आलेली आधुनिक सावकारी मोबाईलवरही उपलब्ध आहेच. एवढ्यावर हे थांबत नाही. उद्या त्याला रस्त्यावर अपघाती मृत्यू आला, तर त्याच्या बायकोमुलांना मिळणारी भरपाई ठरते ती त्याच्या उत्पन्नावरून, आणि प्राप्तिकराचे विवरणपत्र हा त्या उत्पन्नाचा भरवशाचा पुरावा होय असे सर्वोच्च न्यायालयाने मानलेले आहे. हयातीत ज्याने आपली किंमत चार लाख लिहून दिली, त्याच्या विधवेने ती दहा लाख होती असे न्यायालयात कोणत्या तोंडाने आणि कोणत्या कागदावर सांगायचे? असे काही घडते तेव्हा तिच्या हाती पडणारी फाईल तिने पूर्वी कधी उघडूनही पाहिलेली नसते.

टेबलाच्या पलीकडची बाजू

हिशेबनिसांची बाजूही ऐकून घेतली पाहिजे. ज्या अशिलाला यंत्राच्या दुरुस्तीला दहा हजार मोजताना काही वाटत नाही, तो वर्षभराच्या हिशेबाच्या फीसाठी घासाघीस करतो, आणि तीही उधार ठेवतो. कायदे बदलत राहतात. १९६१ च्या प्राप्तिकर कायद्याची जागा घेणारा २०२५ चा कायदा १ एप्रिल २०२६ या तारखेपासून अमलात यावयाचा ठरला, आणि साठ वर्षांची पाठ झालेली कलमे नव्याने पाठ करण्याची पाळी या मंडळींवर आली. संकेतस्थळ अडले तरी शेवटची तारीख अडत नाही. अशा घाईत शंभर पिशव्या उपसणाऱ्या माणसाने प्रत्येकाला शेजारी बसवून समजावून सांगावे, ही अपेक्षा धरणे त्याच्यावर अन्याय करण्यासारखे होईल.

खेरीज त्याच्यावर बंधनेही आहेत आणि ती असणेच योग्य आहे. १९४९ च्या कायद्याने सनदी लेखापालांची संस्था स्थापन झाली. तिचे बोधवाक्य कठोपनिषदातून घेतलेले आहे. सगळे निजलेले असताना जो जागा असतो, त्याच्याविषयीचे ते वचन आहे. या संस्थेच्या शिस्तीप्रमाणे वाचवलेल्या कराच्या टक्केवारीवर फी ठरवता येत नाही. दुसऱ्या लेखापरीक्षकाचे काम घेण्यापूर्वी त्याला लेखी कळवावे लागते. २०१९ पासून सनदी लेखापालाने सही केलेल्या दाखल्यावर अठरा अंकाक्षरांचा एक क्रमांक घालावा लागतो, आणि तो खरा की खोटा हे कोणालाही संस्थेच्या संकेतस्थळावर पडताळून पाहता येते. किती मालकांनी तो एकदा तरी पडताळून पाहिला आहे? किंबहुना, आपले काम पाहणारा गृहस्थ सनदी लेखापाल आहे, कर सल्लागार आहे, की नुसता हिशेब लिहिणारा कारकून आहे, हेही कित्येकांना ठाऊक नसते. सगळ्यांना एकच नाव, ‘आमचे सी.ए.’. तिघांचीही समाजाला गरज आहे, पण तिघांची कामे निराळी आणि जबाबदाऱ्या निराळ्या.

तथापि या व्यवसायाला एक गोष्ट सुनावणे प्राप्त आहे. अशिलाचा पासवर्ड आपल्याजवळ, त्याच्या नोंदणीला जोडलेला मोबाईल क्रमांक आणि ई-मेल आपल्या कचेरीचा, त्याच्या डिजिटल सहीची कळ आपल्या ड्रॉवरमध्ये, ही पद्धत सोयीची असली तरी बरी नव्हे. सरकारची नोटीस ज्याच्या नावाने येते त्यालाच ती दिसत नाही, असा त्याचा परिणाम होतो. आमच्या ओळखीतल्या एका छोट्या कारखानदाराला अशी नोटीस आल्याचे कळले ते बँकेचे खाते गोठल्यानंतर. नोटीस पाच महिने दुसऱ्याच्या पत्रपेटीत पडून होती. कोणाचा हेतू वाईट नव्हता. कचेरीतला तो मुलगा नोकरी सोडून गेला होता, इतकेच. पण कायद्यापुढे उत्तर द्यावे लागले ते मालकाला, कारण विवरणपत्राखालचे नाव त्याचे होते.

करावयाचे काय?

उपाय महागडे नाहीत. धंद्याचे आणि घराचे बँक खाते निराळे ठेवावे आणि मालकाने स्वतःला दरमहा ठरावीक रक्कम घ्यावी. सरकारी नोंदींत स्वतःचा मोबाईल व स्वतःचा ई-मेल असावा, आणि डिजिटल सही आपल्याच कपाटात असावी. काम देताना काय करायचे, कोणत्या तारखांना आणि किती फीला, हे एका कागदावर लिहून घ्यावे. नातेसंबंध कितीही जुने असोत, लेखी असलेले बरे. आणि महिन्यातून एकदा, फक्त एक तास, हिशेबनिसासमोर बसावे. त्या तासात चार गोष्टी विचाराव्यात : माझे येणे कोणाकडे किती दिवसांचे आहे? मी कोणाचे किती देणे लागतो, त्यात सरकारचे किती? कोणत्या मालावर मला सुटते आणि कोणत्यावर जाते? पुढच्या तीन महिन्यांत रोकड पुरेल काय? या तासाची फी निराळी द्यावी लागली तर आनंदाने द्यावी. ओटीपी मागणाऱ्याला एवढेच सांगावे, की आधी आकडे पाठवा, मी पाहतो आणि मग सांगतो.

हे सामान्य माणसाला झेपणार नाही, असे ज्यांना वाटते त्यांनी एखाद्या खेड्यातल्या बचत गटाच्या बैठकीला जाऊन बसावे. नियमित बैठक, बचत, अंतर्गत कर्ज, परतफेड आणि लेखे ही त्या गटांची पंचसूत्री आहे. कोणी किती भरले, कोणाकडे किती बाकी, हे बैठकीत सर्वांसमक्ष वाचले जाते, आणि चौथीत शाळा सुटलेली बाईसुद्धा चुकलेला आकडा ऐकून हात वर करते. जे तिला जमते ते पदवीधर दुकानदाराला जमू नये?

यात शिक्षकांचाही वाटा आहे. अकरावी-बारावीच्या वाणिज्य शाखेत पुस्तपालन हा विषय हजारो मुले शिकतात. नावे-जमा अचूक लिहून पैकीच्या पैकी गुण मिळवणारा मुलगा स्वतःच्या वडिलांच्या दुकानाचा ताळेबंद वाचू शकत नसेल, तर ते शिक्षण कोणासाठी? ज्या शहरात १९३४ साली मराठा चेंबर आणि १९४३ साली बृहन्महाराष्ट्र वाणिज्य महाविद्यालय उभे राहिले, त्या शहरातील विद्यार्थ्यांनी गल्लीतल्या एका दुकानाचे एका महिन्याचे लेखे लिहून ते दुकानदाराला मराठीत समजावून द्यावे, एवढा पाठ अभ्यासक्रमाबाहेरही देता येईल. विद्यार्थ्याला विषय कळेल आणि दुकानदाराला आपले दुकान.

दख्खनच्या दंग्यांनंतर सरकारने चौकशी केली आणि १८७९ साली शेतकऱ्यांसाठी कायदा केला. त्यात एक साधी तरतूद होती : सावकाराने पैसे मिळाल्याची पावती दिली पाहिजे आणि शेतकऱ्याने मागितल्यास दरवर्षी त्याच्या खात्याचा उतारा त्याला दिला पाहिजे. जो लिहितो त्याने ज्याच्याविषयी लिहिले त्याला ते दाखवावे, हे तत्त्व तेव्हा कायद्याने सांगावे लागले. आज त्यासाठी कायद्याची गरज नाही. हिशेबनिसाने दरमहा एक पानाचा उतारा अशिलाला त्याच्या भाषेत द्यावा. सरकारने नोटिसा इंग्रजीबरोबर मराठीतही धाडाव्यात. आणि मालकाने तो उतारा गल्ल्याखाली न सारता वाचावा. सुप्याच्या शेतकऱ्याला वाचता येत नव्हते म्हणून त्याने वही जाळली. आपल्याला वाचता येते. येत्या महिन्याच्या विसाव्या तारखेला फोन आला, की सहा आकडे सांगण्यापूर्वी एवढे आठवले तरी पुष्कळ झाले.